सहावीतल्या मुलाने कोणत्या मराठीत बोलावे?

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि शाळांच्या वार्षिक नियोजनात आणखी एका सप्ताहाची भर पडली. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन होताच, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिनही होता. त्यांच्या अवतीभवती स्नेहसंमेलन, आनंद मेळावा, विज्ञान प्रदर्शन, प्रभातफेऱ्या. पातूरसारख्या तालुक्याच्या गावी सहावी ते आठवीच्या वर्गांत वर्षभर काही ना काही साजरे होतच असते. आक्षेप साजरे करण्याला नाही. आक्षेप असा, की भाषेच्या नावाने चालणाऱ्या या उपक्रमांत मुलाची स्वतःची भाषा कोठेच नसते.

याच तालुक्यातील एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला होता. विषय 'माझी मायबोली'. अकरा मुलांनी भाषणे केली आणि त्यांतल्या सात भाषणांचा आरंभ शब्दशः एकच होता. एक मुलगी मध्येच अडखळली, पाठ केलेले विसरली, आणि आजी तिला पेरणीच्या दिवसांत काय सांगते ते आपल्या वऱ्हाडीत बोलू लागली. 'मले', 'तुले', 'डोया' असे शब्द येऊ लागताच सभागृहात हशा पिकला. वास्तविक त्या दिवशीचे एकमेव भाषण तेवढेच होते. बाकी सारे पाठांतर. परंतु गुणपत्रिकेत 'शुद्ध उच्चार' हा रकाना होता, 'स्वतःचे म्हणणे' हा नव्हता.

आता यातील विसंगती पाहा. मराठीच्या अभिजाततेसाठी जे पुरावे मांडले गेले, त्यांत लीळाचरित्राचे स्थान मोठे आहे. तो ग्रंथ म्हाइंभटांनी रिद्धपुरात, म्हणजे याच वऱ्हाडात सिद्ध केला. मराठी भाषा विद्यापीठही तेथेच स्थापन झाले आहे. लीळाचरित्राचे मोल तरी कशात आहे? लोक बोलले तसे ते उतरवून घेण्याचा ध्यास म्हाइंभटांना होता, यात. म्हाताऱ्यांचे प्रश्न, गुराख्यांची उत्तरे, बाजारातली बाचाबाची. सातशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडातले बोलणे टिपले म्हणून भाषा अभिजात ठरते आणि आजच्या वऱ्हाडातली मुलगी बोलली, की ती अशुद्ध ठरते!

'मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही काय?' हा प्रश्न हमखास येतो. अवश्य शिकवावी. पण प्रमाण भाषेकडे जाण्याची वाट घरच्या बोलीतूनच जाते. 'डोया'चा 'डोळा' आणि 'काया'चा 'काळा' कसा होतो, म्हणजे आपल्या बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो, हा नियम सहावीतले मूल स्वतः शोधू शकते. हा खरा व्याकरणाचा उपक्रम. त्याला चार्टपेपर लागत नाही. पातुरात उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. दोन्हीकडची मुले बाजारात एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिची शब्दयादी दोन्ही वर्गांनी मिळून केली, तर एखाद्या शब्दकोशकाराला हेवा वाटेल. गावाशेजारच्या टेकडीत कोरीव लेणी आहेत, संरक्षित स्मारक म्हणून नोंदलेली. सहल मात्र बसने दूर जाते. त्या लेण्यांविषयी गावातली माणसे काय सांगतात, कोणत्या शब्दांत सांगतात, हे मुलांनी वहीत उतरवायला किती खर्च येणार आहे?

हे काही नवे नाही. अमरावतीत काही काळ राहिलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 नंतर बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. बिया, शिंपले, पाने हीच साधने झाली. तेथे मुलाने शाळेसारखे व्हावे असा हट्ट नव्हता.

मग आपल्याकडे हे का होत नाही? शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे. उपक्रमाचा अहवाल जातो, सोबत छायाचित्र जाते. प्रभातफेरीचे छायाचित्र निघते. मुलाला एखादा शब्द सापडतो त्या क्षणाचे निघत नाही. रमेश इंगळे उत्रादकरांच्या 2005 च्या 'निशाणी डावा अंगठा' या कादंबरीत साक्षरता अभियानाचे जे कागदी जग आहे, ते आता भ्रमणध्वनीवर आले, एवढाच फरक. अहवाल वेळेत पोचला पाहिजे, ही मागणी वरून येते, आणि निवडणुकीच्या याद्याही त्याच शिक्षकाने करायच्या असतात.

परंतु परीक्षकांची यादी वरून येत नाही. ती गावच्या महाविद्यालयातील मराठी विभागाकडे येते, म्हणजे आपल्याकडे. आपण वर्गात बोलींचा अभ्यास शिकवतो, बहिणाबाई आणि विठ्ठल वाघ शिकवतो, आणि शनिवारी शाळेच्या मंचावर बसून 'शुद्ध उच्चारा'ला दहापैकी गुण देतो. येत्या 27 फेब्रुवारीचे निमंत्रण आले, की गुणपत्रिका आधी मागवून घ्यावी आणि तो रकाना खोडूनच मंचावर बसावे.