शून्यापासूनचा हिशेब आणि आपला हक्क

सरकारचा अर्थसंकल्प म्हणजे आकड्यांचा डोंगर, तो चढणे आपले काम नव्हे, अशी समजूत आपल्या घराघरांतून अद्याप आढळते. ही समजूत घातक आहे. ज्या समाजाची मुले शिष्यवृत्तीवर शिकतात व सरकारी वसतिगृहांत राहतात, त्याने अर्थसंकल्पाकडे पाठ फिरविणे म्हणजे आपल्या ताटात काय वाढले जाते हे न पाहणे होय. बाबासाहेबांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर लिहिलेला ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. राज्यकारभाराचा खरा हेतू खर्चाच्या वहीत उमटतो हे ज्यांनी ओळखले, त्यांच्या अनुयायांना ही वही परकी वाटता कामा नये.

सरकारी खात्यांची नेहमीची रीत अशी : गतवर्षीचा आकडा घ्यावयाचा, त्यात थोडी भर घालावयाची व नवी मागणी पुढे करावयाची. चर्चा होते ती या भरीची. मूळ आकडा मात्र कोणी तपासत नाही. त्यामुळे एकदा यादीत चढलेला खर्च वर्षानुवर्षे चालतो, आणि जो यादीत नाही त्याला दारात तिष्ठत राहावे लागते.

यादीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. १९५६ साली लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. दारिद्र्य तेच राहिले, गावकुसाबाहेरची वस्ती तीच राहिली, पण यादीतील नाव गेले आणि सवलत गेली. महाराष्ट्राने राज्याच्या सवलती १९६० साली नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या यादीचे दार उघडण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले.

गतवर्षीचा आकडा गृहीत धरण्याच्या या रीतीस उत्तर म्हणून शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत निघाली. अमेरिकेतील एका कंपनीत पीटर पिहर यांनी १९७० च्या सुमारास ती आकारास आणली. तिचे तत्त्व साधे आहे : गतवर्षी काय मिळाले हे विसरा, प्रत्येक कामाचा खर्च शून्यापासून मांडा, ते काम न केल्यास काय बिघडेल, कमी खर्चात कितपत होईल व अधिक दिल्यास काय साधेल, हे लिहा, मग सर्व कामांची निकडीप्रमाणे क्रमवारी लावा आणि पैसा पुरेल तेथे रेघ ओढा. जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना जिमी कार्टर यांनी ही पद्धत राज्यकारभारात आणली व राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९७७ साली ती केंद्रीय खात्यांनाही लावली. १९८१ साली रेगन यांच्या राजवटीत ती सोडून देण्यात आली.

आपल्या महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ साली हा प्रयोग सुरू झाला. त्या वेळी सुशीलकुमार शिंदे अर्थमंत्री होते. पाठोपाठ केंद्र सरकारनेही आपल्या खात्यांना ही पद्धत अवलंबिण्यास सांगितले. परंतु ती कोठेही पूर्णांशाने रुजली नाही. वेतन, निवृत्तिवेतन व कर्जावरील व्याज हे खर्च शून्यावर आणता येत नाहीत, आणि राज्याचा मोठा पैसा त्यांतच जातो. शिवाय दरवर्षी प्रत्येक कामाची नव्याने छाननी करावयाची तर कागदांचे ढीग वाढतात. अखेरीस अधिकारी जुनाच आकडा नव्या शब्दांत लिहून मोकळे होतात.

तरीही या पद्धतीने विचारलेला प्रश्न मोलाचा आहे. 'हा खर्च कशासाठी व कोणासाठी?' हा तो प्रश्न. तो विचारला गेला तर डामडौलावरील खर्च उघडा पडेल व उपेक्षितांच्या कामाला जागा होईल. पण वाचकहो, या शस्त्राला दुसरी धारही आहे. क्रमवारी लावणारा कोण? ज्याची मुले वसतिगृहात राहत नाहीत, त्याच्या दृष्टीने वसतिगृह ही सहज वगळण्याजोगी बाब ठरू शकते. शून्यापासून हिशेब मांडताना बलवानाचा वकील हजर असतो. दुर्बलाची बाजू मांडणारा बहुधा तेथे नसतो.

संविधानाने काही खर्च मतदानापलीकडे ठेविले आहेत. अनुच्छेद ११२ अन्वये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन व सरकारी कर्जाचे व्याज हे संचित निधीवर भारित आहेत. त्यांवर संसदेत चर्चा होते, मत घेतले जात नाही. दुर्बल घटकांच्या शिक्षणाची व आर्थिक हिताची जोपासना करण्याची आज्ञा अनुच्छेद ४६ देतो, पण तिच्यासाठी असे कवच नाही. सावकाराचे व्याज बिनशर्त आणि विद्यार्थ्याचे अन्न मात्र मर्जीवर, हा न्याय कसला? आमचे म्हणणे स्पष्ट आहे : हक्काच्या खर्चाला 'हवा की नको' हा प्रश्न लावू नये, 'पोहोचला की नाही' हाच लावावा.

आणि तो अवश्य लावावा, कारण आकडा छापल्याने पैसा पोहोचत नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवणारी विशेष घटक योजना १९७९-८० पासून आली. तरी दिल्लीत या योजनेचा पैसा राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांकडे वळविला गेल्याचे २०१० साली केंद्रीय गृहमंत्र्यांनाच राज्यसभेत मान्य करावे लागले.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने हिशेब विचारण्याची सवय लावून घ्यावी. आपल्या तालुक्यातील वसतिगृहास किती तरतूद झाली? त्यातील प्रत्यक्ष किती मिळाली? ३१ मार्चला किती रक्कम अखर्चित राहून परत गेली? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे प्रश्न लेखी विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास दिला आहे. ग्रामसभा तर आपल्या दारात भरते. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज लिहावेत आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. हिशेब मागणारा याचक नसतो, मालक असतो. हे एकदा मनाशी पक्के झाले, म्हणजे क्रमवारी लावणाऱ्यांना आपल्याला वगळणे सोपे जाणार नाही.