छोटा दाखला, मोठी पदवी

१ डिसेंबर २०१६ रोजी आपल्या मुरबाड तालुक्यातले धसई गाव रोकडरहित झाल्याचे जाहीर झाले. नोटाबंदीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली. पुढे ते किती टिकले तो विषय वेगळा. पण ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता, त्यांनीही ते यंत्र चालवायला शिकून घेतले. त्या शिकण्याची नोंद कोणत्या विद्यापीठाने ठेवली?

हे आठवायचे कारण असे की, आता विद्यापीठे छोट्या अभ्यासक्रमांचे दाखले देण्याच्या तयारीला लागली आहेत. त्याला मायक्रो-क्रेडेन्शियल असे अवघड नाव आहे. नाव ऐकून घाबरू नये. आपल्या घरोघरी असा एक दाखला आधीच आहे. २००१ नंतर आलेला एमएससीआयटीचा! त्या कागदाला किंमत आली ती सरकारी नोकरीत तो मागू लागले म्हणून. मात्र पदवीला जाताना त्याचा उपयोग झाल्याचे आम्ही तरी पाहिले नाही.

नव्या व्यवस्थेत तो उपयोग व्हावा असे ठरले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांच्या अभ्यासाला १ श्रेयांक धरला आहे. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक. २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक बँकेत ते विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात आणि जास्तीत जास्त ७ वर्षे राहतात. म्हणजे मुलीने ९० तासांचा हिशेबनिशीचा अभ्यासक्रम केला, तर ३ श्रेयांक तिच्या खात्यात. लग्न, बाळंतपण, आईचे आजारपण यांत शिक्षण थांबले तरी केलेले वाया जाऊ नये, ही यातली खरी गोष्ट. हे आम्हाला पटते.

पण मनात एक भीती आहे, ती बोलून दाखवतो. बिगारी करणाऱ्या बापाला कोणी सांगेल, "तीन वर्षे कशाला? चार महिन्यांचा कोर्स करा, पोरगा कामाला लागेल." साहेबांची मुले पदवी घेतील आणि आपली मुले दाखल्यांची चवड. छोटा दाखला पदवीची पायरी असेल तर हवा. पदवीऐवजी असेल तर आम्हाला नको.

विद्यापीठाने तयारी करायची ती इथे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांनी २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी वर्ग सकाळी ठेवले. विद्यार्थ्याची भाकरी आणि कॉलेजची घंटा यांचा मेळ त्यांनी आधी घातला. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी परीक्षेतून पदवीची वाट दिली होती. मग धसईच्या मुलीसाठी काय? मुरबाड तालुक्यात अजून रेल्वे नाही, एसटीने जायचे. वर्ग कल्याणला, शिकवणे इंग्रजीत आणि परीक्षा संगणकावर, असे झाले तर तो अभ्यासक्रम तिच्यासाठी नाहीच.

तोवर आपण डोळे उघडे ठेवावेत. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: ही संस्था श्रेयांक बँकेत नोंदलेली आहे का? हे श्रेयांक कोणत्या पदवीत धरले जातील? अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती वा फी माफी लागू आहे का? उत्तर लेखी घ्या. सोनेरी काठाचा कागद देणारे क्लास पुष्कळ आहेत. नोंद नसलेल्या संस्थेचा दाखला त्या बँकेत जमा होत नाही.

मुरबाड-शहापूरकडच्या ज्या घरांत असा दाखला घेऊन कोणी पुढे कॉलेजात गेले असेल, त्यांनी अनुभव जरूर कळवावा. अडवणूक झाली असेल तर तीही कळवावी. जयभीम.