‘गोड’ या शब्दाची अडचण

रसिकांची मते हा समीक्षेचा कच्चा माल असतो, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. संगीताच्या बाबतीत, आणि त्यातही गाणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत, पुष्कळदा दुसरा मालच हाती नसतो. मैफल संपते, स्वर विरतात; मागे उरतात त्या काही ध्वनिमुद्रिका आणि ऐकणाऱ्यांचे उद्गार. हे उद्गार कोणत्या शब्दांत निघतात, याची चौकशी म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांनीही करायला हवी, असे आम्हांला वाटते. पुण्याच्या रसिकांचा या संदर्भातला सर्वांत लाडका शब्द आहे ‘गोड’. आमची तक्रार या शब्दाविषयी आहे.

हिराबाई बडोदेकरांचे उदाहरण घेऊ. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या या कन्येचा जन्म १९०५ साली मिरजेत झाला. बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. तिकीट लावून जाहीर जलसा करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. पुढे धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे (१९१६–२००६) यांच्यासह त्या जुगलबंदी गाऊ लागल्या. दोन स्त्रियांनी बरोबरीने ख्याल मांडावा ही गोष्ट १९६०च्या दशकात नवी होती. या जुगलबंदीच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. त्या ऐकलेल्या कोणाही पुणेकराला विचारावे : उत्तर ठरलेले असते. ‘फार गोड गायच्या. सात्त्विक, घरंदाज गाणे.’ बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असते. त्याच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे काही कारण नाही.

प्रश्न असा की या उत्तरातून आपल्याला कळते काय? दोन आवाज एकाच स्वरात लागले तेव्हा कोणाचा कुठे संपला आणि कोणाचा कुठे सुरू झाला? थोरलीने सोडलेली जागा धाकटीने उचलली, की त्या जागेला वळसा घालून ती वेगळ्याच वाटेने समेवर आली? विलंबित आलापीत एकेका स्वरावर किती थांबायचे, याचा निर्णय दोघींनी कसा घेतला असेल? ‘गोड’ या शब्दात यांपैकी एकाही प्रश्नाला शिरकाव नाही. तो शब्द ऐकण्याचा शेवट सांगतो, ऐकणे सांगत नाही.

कोणी म्हणेल, अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाजही गोडच म्हटला जातो आणि बालगंधर्वांचाही. खरे आहे. पण खाँसाहेबांच्या गोडव्यापाशी जाणकार थांबत नाहीत. तिथून किराणा घराण्याचा स्वरविचार सुरू होतो, श्रुतींची चर्चा होते, स्वर लावण्याच्या पद्धतीवर प्रकरणे लिहिली जातात. पित्याचा गोडवा हे शास्त्र ठरते. कन्येचा गोडवा मात्र स्वभाव ठरतो. सरोजिनी नायडूंनी हिराबाईंना ‘गानकोकिळा’ म्हटल्याचे सांगितले जाते. गौरव मोठाच, परंतु कोकिळेला रियाज करावा लागत नाही. वर्षानुवर्षांची तालीम त्या एका उपमेत निसर्गाच्या नावे जमा होते. याउलट मोगूबाई कुर्डीकरांना लाभलेली ‘गानतपस्विनी’ ही पदवी पाहावी. तीत निदान कष्टांची नोंद आहे.

आणि गोडव्याच्या चौकटीत न बसणाऱ्या आवाजाचे काय होते? याच किराणा परंपरेतील गंगूबाई हनगल (१९१३–२००९) या सवाई गंधर्वांच्या शिष्या. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतील आवाज उंच आणि बारीक आहे. घशावरील उपचारांनंतर तो जड, भरदार झाला आणि त्या आवाजानिशी त्यांनी पुढची कित्येक दशके गाजवली. त्यांच्या गाण्यावर रसिकांनी अपार प्रेम केले, पण त्या आवाजासाठी पटकन ओठांवर आलेला शब्द होता ‘पुरुषी’. म्हणजे स्त्रीच्या आवाजासाठी आपल्याकडे दोनच खण : गोड, नाहीतर पुरुषी. बळ दिसले की ते बाईचे नसणार, आणि बाईचे असले की ते बळ नसणार!

हा केवळ आपला, शास्त्रीय संगीतापुरता दोष आहे असेही नाही. जपानमधील ओसाका शहरात १९८१ साली ‘शोनेन नाइफ’ नावाचा तीन तरुणींचा वाद्यवृंद सुरू झाला. नाओको आणि आत्सुको यामानो या दोघी बहिणी आणि त्यांची मैत्रीण मिचिए नाकातानी. त्यांचे संगीत पॉप-पंक जातीचे : मोजके सूरमेळ, धावती लय, आणि गाण्यांचे विषय खाऊ, प्राणी, आइस्क्रीम असे. १९९१ साली ‘निर्वाणा’ या गाजलेल्या अमेरिकी वाद्यवृंदाबरोबर त्यांनी ब्रिटनचा दौरा केला. १९९२च्या ‘लेट्स नाइफ’ या संग्रहात त्यांनी आपली बरीच जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. जुने ओबडधोबड रूप खरे, की नवे घासूनपुसून केलेले, हा वाद चाहत्यांनी जरूर घालावा. त्यासाठी कान लागतो. पण पाश्चात्त्य जगात या तिघींना जो शब्द हटकून चिकटला, त्याचा अर्थ ‘गोंडस’ असाच होता. अमेरिकेतील ‘रामोन्स’ या पुरुषांच्या वाद्यवृंदाने तीन सूरमेळांत गाणे बसवले तेव्हा त्याला शैली म्हटले गेले. त्याच ‘रामोन्स’ना आदर्श मानून ओसाकातील मुलींनी तसे केले तेव्हा त्याला निरागसपणा म्हटले गेले. ख्याल आणि पंक यांच्यात साम्य शोधण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही. साम्य आहे ते ऐकणाऱ्यांत.

आता रसिकाची बाजूही मांडली पाहिजे. तो समीक्षक नाही. त्याने पारिभाषिक बोलावे अशी सक्ती कोण करणार? शिवाय ‘घरंदाज’ या शब्दाने एकेकाळी मोठे काम केले आहे. जाहीरपणे गाणाऱ्या बाईकडे समाज संशयाने पाहत होता, तेव्हा हिराबाईंची साधी राहणी, त्यांचे निश्चल बसणे आणि रसिकांनी त्यावर उमटवलेली ‘घरंदाज’ ही मोहोर, यांमुळे अनेक मध्यमवर्गीय घरांतील मुलींना गाणे शिकण्याची वाट मोकळी झाली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. मात्र त्याच मोहोरेने दुसरेही काम केले. एकीला घरंदाज म्हणताच, न म्हटलेल्या कितीतरी जणी आपोआप उंबरठ्याबाहेर राहिल्या. त्यांच्या गाण्याची चर्चा झाली तरी आधी त्यांच्या घराची झाली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यातले काही परके वाटू नये. १९५२ साली पुस्तकरूपाने आलेल्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेला आपण ‘निसर्गकन्येची गाणी’ म्हणून मोकळे होतो आणि त्या ओव्यांमधील घट्ट तर्क, शब्दांची काटकसर, विनोदातला धारदारपणा यांवर बोलायचे राहून जाते. निसर्गकन्या, गानकोकिळा, गोंडस मुली : या तिन्ही शब्दांत कर्तेपण काढून घेण्याची एकच युक्ती आहे. त्यात द्वेष नाही, प्रेमच आहे. म्हणूनच ती सहजी ध्यानात येत नाही.

पूर्वी मैफलीला हजर असणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागे. आज जुन्या ध्वनिमुद्रिका कोणालाही सहज ऐकता येतात. तेव्हा आमची सूचना साधी आहे. आस्वादाच्या तासाला या दोघी बहिणींची जुगलबंदी लावावी आणि विद्यार्थ्यांना पाच वाक्ये लिहायला सांगावीत; अट एवढीच की एकही विशेषण वापरायचे नाही, फक्त क्रियापदे वापरायची. कोणी स्वर धरला, कोणी सोडला, कोणी वाट पाहिली, कोणी अडवले. त्यानंतर ज्याला ‘गोड’ म्हणावेसे वाटेल त्याने खुशाल म्हणावे. तेव्हा तो शब्द त्याने कमावलेला असेल.