मधल्या तीन वर्षांचं काय?

धाराशिवच्या सारिका काळे यांनी अर्धपोटी राहून खो-खोचं मैदान गाजवलं. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व केलं, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला, तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. त्याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या पोरींना हा दाखला ऐकवणं सोपं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण वरच्या पदांना पदवी लागतेच, आणि बारावी ते पदवी ही मधली तीन वर्षं काढायची कशी? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या लेकीला धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात प्रवेश मिळेलही. खोली, खानावळ, बूट कोण देणार? (पदकानंतरचे हारतुरे मात्र वेळेवर येतात.) खेळाडूंचं शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च विद्यापीठाने प्रवेशाच्या दिवशीच उचलावा, पदकाची वाट न पाहता.