शेत हे कामाचे ठिकाण माना : शेतकामातील अपघात रोखण्यासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. कृषिमंत्री व मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ

विषय : फवारणी, यंत्रे, विहिरी, वीज व सर्पदंश यांमुळे होणारे शेतकामातील मृत्यू आणि अपंगत्व रोखण्याबाबत.

मा. महोदय,

आमची संघटना यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची आहे. सभासदांत पाच एकरवाले आहेत, मक्त्याने किंवा बटईने वावर करणारे आहेत, आणि गुंठाभरही जमीन नसलेले मजूर स्त्री-पुरुष आहेत. भाव, कर्ज आणि पीकविमा यांवर आम्ही आजवर अनेक निवेदने दिली. आजचा प्रश्न त्या सगळ्यांच्या आधीचा आहे. सकाळी कामाला गेलेले माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतले पाहिजे.

पार्श्वभूमी

२०१७च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. कपाशी पुरुषभर वाढलेली होती, उन्हाची काहिली होती आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि यवतमाळसह पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. मात्र ही बंदी आली ती माणसे गेल्यावर.

एप्रिल २०२४मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी येथे शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. अशी पाच माणसे गेली. एप्रिल २०२५मध्ये नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतकामाला निघालेल्या मजुरांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या सात स्त्रिया बुडाल्या.

या तिन्ही घटनांना दैवाचा घाला म्हणून सोडून देता येणार नाही. पुरुषभर पिकात फवारा मारला की औषध अंगावर येणार, कुजणाऱ्या शेणाचा वायू बंद जागेत साचणार, कठड्याविना विहीर एक ना एक दिवस कुणाला तरी गिळणार, हे आधीच कळण्यासारखे आहे. कारखान्यासाठी १९४८चा, मळ्यांसाठी १९५१चा, खाणीसाठी १९५२चा कायदा झाला. या कायद्यांनी त्या त्या ठिकाणी सुरक्षेची जबाबदारी कोणाची हे ठरवले. शेतात राबणाऱ्यांची संख्या या सर्वांहून मोठी आहे, तरी शेताला तसा कायदा नाही. शेतीतील सुरक्षा व आरोग्याबाबतचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८४ क्रमांकाचा करार २००१चा आहे. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

म्हणून आमचे मूळ म्हणणे एकच आहे. शेत हे कामाचे ठिकाण माना आणि तिथली सुरक्षा सातबाऱ्याला न जोडता कामाला जोडा. पुढील सर्व मागण्या यातूनच निघतात.

मागणी १ : शेतकामातील प्रत्येक अपघाताची नोंद

पोलिस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते ती सर्पदंश, शॉक, बुडणे किंवा विषबाधा अशा कारणाखाली. माणूस कामावर असताना गेला, कोणते काम करत होता, कोणते औषध वा यंत्र हाती होते, हे त्या नोंदीतून निघत नाही. जो हात गमावून जगला, त्याची तर कुठेच गणती नाही. मोजणीच नसेल तर उपाय कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात आणि कशावर करायचा?

कीटकनाशक अधिनियम १९६८च्या कलम २६नुसार राज्य शासन अधिसूचना काढून कीटकनाशकाच्या विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करू शकते. ही तरतूद खासगी दवाखान्यांसह सर्वांना लागू करावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व पोलिस ठाण्यात ‘शेतकामावर अपघात’ अशी स्वतंत्र नोंद ठेवावी आणि तिचा तालुकानिहाय गोषवारा दरवर्षी मे महिन्यात, पेरणीच्या आधी, जाहीर करावा.

मागणी २ : भरपाई राबणाऱ्या प्रत्येकाला

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख रुपये आणि एक डोळा वा एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. २०२३पासून विमा कंपनीला वगळून शासन स्वतः ही योजना चालवते, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु पात्र कोण? वहितीधारक खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य. दिवसभर पाठीवर पंप घेऊन लोकांच्या वावरात फवारणी करणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. मक्त्याने शेती करणारा बसत नाही. निंदण, वेचणी आणि फवाऱ्याला पाणी वाहण्याचे काम करणारी बाई भूमिहीन घरातली असली तर तीही बसत नाही. सर्वांत जास्त धोका ज्यांच्या वाट्याला येतो, तेच योजनेबाहेर आहेत.

वार्षिक २० रुपये हप्त्याची केंद्राची अपघात विमा योजना आहे, असे आम्हाला सांगितले जाते. ती घ्यावीच, असे आम्हीही सभासदांना सांगतो. पण खात्यात वेळेवर वीस रुपये नसले की ती बंद पडते. मजुराचे संरक्षण एवढ्या कच्च्या धाग्यावर राहू नये.

आमची मागणी : ग्रामपंचायतीने प्रमाणित केलेले शेतमजूर, बटईदार आणि शेतकरी कुटुंबातील सर्व कष्टकरी सदस्य यांना योजनेत घ्यावे, प्रस्तावासाठी ३० दिवसांची मुदत वाढवून १८० दिवस करावी, कारण घरातला कर्ता गेल्यावर महिनाभर त्या घरात कागद गोळा करायला कोणी भानावर नसते, आणि कायमच्या अपंगत्वात रकमेबरोबर कृत्रिम अवयव व उपचाराचा खर्च द्यावा.

मागणी ३ : फवारणी

फवारणीचे काम जवळून पाहावे. ढोलात पाणी, त्यात टोपणाने मोजून टाकलेले औषध आणि ढवळायला तुऱ्हाटी. पंप भरताना वरचे पाणी सांडते, झाकणाचा वायसर झिजलेला असतो, चार फेऱ्यांत पाठीवरचा सदरा ओला होतो. ते पाणी अंगावर वाळते आणि त्याच हातांनी दुपारची भाकर खाल्ली जाते. नॉझल तुंबले की तोंडाने फुंकून मोकळे करणारेही आहेत. डब्यावरची सूचना एवढ्या बारीक अक्षरात असते की धडधाकट डोळ्यांनाही वाचवत नाही. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा, हे विकणाऱ्याने सांगितल्याशिवाय घेणाऱ्याला कळावे कसे?

कीटकनाशक नियम १९७१ मध्ये संरक्षक कपडे (नियम ३९), श्वसनाची साधने (नियम ४०), प्रथमोपचार व उताऱ्याच्या औषधांचा साठा (नियम ४१) आणि प्रशिक्षण (नियम ४२) हे सारे लिहिलेले आहे. आमची पहिली मागणी याच नियमांच्या अंमलाची आहे. त्याबरोबर पुढील गोष्टी हव्यात :

(क) लाल त्रिकोणाच्या औषधांची विक्री टप्प्याटप्प्याने बंद करावी. तोवर ती देताना विक्रेत्याने मराठीत मोठ्या अक्षरातील सूचनापत्र द्यावे आणि बिलावर पिकाचे नाव लिहावे.
(ख) औषधांचे मिश्रण सुचवायचे असेल तर ते कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलेच असावे. मनाने मिश्रण सुचवणाऱ्या विक्रेत्याचा परवाना निलंबित करावा.
(ग) सध्याचे प्लास्टिकचे संच सप्टेंबरच्या उकाड्यात अर्धा तासही अंगावर ठेवता येत नाहीत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विदर्भाच्या हवेत घालता येईल असा धुण्याजोगा संच तयार करावा आणि तो मजुरांना मोफत मिळावा. खर्च कीटकनाशक कंपन्यांकडून वसूल करावा.
(घ) १८ वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना फवारणीच्या व औषध कालवण्याच्या कामावर ठेवण्यास मनाई असावी.
(ङ) जुलै ते ऑक्टोबर या काळात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन व प्रालिडॉक्झिम या उताऱ्याच्या औषधांचा साठा आणि कोलिनेस्टरेज तपासणीची सोय असावी.

मागणी ४ : मळणी यंत्र, ट्रॅक्टर आणि ट्रॉली

मळणी यंत्रात हात जाण्याचे अपघात इतके होत की १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. भारतीय मानकानुसार ज्या पन्हाळीतून पेंढी आत सरकवतात ती किमान ९० सेंटीमीटर लांब आणि त्यातली निम्मी वरून झाकलेली असली पाहिजे, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये. गावोगाव भाड्याने फिरणाऱ्या यंत्रांची पन्हाळ आखूड केलेली किंवा झाकण काढून टाकलेले असते, कारण त्याने काम लवकर उरकते. मळणी रात्री उशिरापर्यंत चालते, माणूस पेंगतो आणि घात होतो.

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे जोडलेले यंत्र फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. साडीचा पदर किंवा उपरणे त्यात अडकले तर ओरडायलाही अवसर मिळत नाही. त्यावरचे संरक्षक आवरण यंत्राच्या मानाने किरकोळ किमतीचे असते.

आमची मागणी : हंगामापूर्वी तालुका पातळीवर भाड्याच्या यंत्रांची मोफत तपासणी करून तपासणी झाल्याची पट्टी लावावी, पट्टीशिवाय भाड्याने यंत्र चालवू देऊ नये, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि मळणी यंत्रावरील अनुदान पूर्ण संरक्षक आवरणे असतील तरच द्यावे, जुन्या यंत्रांना आवरणे बसवण्यासाठी वेगळे अनुदान द्यावे, सर्व ट्रॉल्यांना मागचे दिवे व रिफ्लेक्टर सक्तीचे करावेत.

ट्रॉलीतून माणसे नेण्यास कायद्याची परवानगी नाही. पण दहा किलोमीटरवरच्या शिवारात जायला मजूर बायांना दुसरे साधन काय आहे? नुसता दंड लावून हा प्रश्न सुटणार नाही. वेचणी आणि काढणीच्या हंगामात मजुरांसाठी पहाटेच्या व सायंकाळच्या एसटी फेऱ्या सुरू कराव्यात.

मागणी ५ : विहिरी, वीज आणि रात्रीचे ओलित

रस्त्याकडेच्या आणि वहिवाटीच्या वाटेवरच्या प्रत्येक विहिरीला कठडा बांधण्याचे काम रोजगार हमीत घ्यावे. पडक्या विहिरी व स्लरीचे खड्डे यांवर जाळी आणि धोक्याची पाटी लावावी. अशा जागी उतरण्यापूर्वी काय करावे व काय करू नये, याचे प्रात्यक्षिक ग्रामसभेत व्हावे. वाचवायला धावणाराच बळी जातो, हे वाकडीने दाखवून दिले आहे.

शेतीला वीज अनेक ठिकाणी रात्री मिळते म्हणून माणूस रात्री पाणी द्यायला जातो. चिखलात पाय, हातात बॅटरी आणि समोर उघडी स्टार्टरची पेटी, अशा अवस्थेत शॉक, साप आणि रानडुक्कर हे तिन्ही धोके एकाच वेळी अंगावर येतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात त्यात बिबट्याची भर पडते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली दिवसा वीज देण्यासाठीच सुरू झाली. ती प्रत्येक कृषी फीडरवर कधी पोहोचणार, याचे गावनिहाय वेळापत्रक जाहीर करावे. प्रत्येक कृषिपंपाला गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर अनुदानावर मिळावा. डुकरांसाठी कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे. तो थांबवायचा तर पीकनुकसानीची भरपाई वेळेत आणि सौर कुंपण परवडेल असे मिळायला हवे.

मागणी ६ : सर्पदंश आणि पहिला तास

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेत बनत आले आहे. केंद्राच्या मार्च २०२४च्या कृती आराखड्याने २०३०पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले आहे. यासाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जून ते नोव्हेंबर पुरेसे प्रतिविष, निओस्टिग्मिन, श्वास देण्याची पिशवी आणि रात्रीही हजर डॉक्टर हवा. रुग्णाला पुढे पाठवायचे असेल तर पहिला डोस देऊन आणि १०८ रुग्णवाहिकेतूनच पाठवावे. गमबूट आणि बॅटरी ही दोन साधी साधने मजुरांना अनुदानावर मिळाली, तर अनेक दंश मुळातच टळतील.

आम्ही काय करू

सगळा भार शासनावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. आमचे सभासद आपल्या वावरात फवारणीच्या ठिकाणी साबण व स्वच्छ पाणी ठेवतील, भर उन्हात आणि वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारणी करून घेणार नाहीत, एकाच मजुराला सलग दिवस फवारणीवर ठेवणार नाहीत आणि रिकामे डबे घरात वापरणार नाहीत. आवरण नसलेले मळणी यंत्र आम्ही भाड्याने लावणार नाही. तपासणी आणि प्रशिक्षणासाठी प्रत्येक गावातून दोन कार्यकर्ते, त्यात एक स्त्री, आम्ही देऊ.

एक गोष्ट स्पष्ट करतो. या मागण्यांचा अर्थ लहान शेतकऱ्यावर फौजदारी लादावी असा कोणी काढू नये. वर्षभर मजुरी करणारा आणि दोन दिवस मजूर लावणारा माणूस आमच्याकडे बहुधा एकच असतो. पहिली जबाबदारी विषारी औषध बनवणाऱ्याची व विकणाऱ्याची, असुरक्षित यंत्र बाजारात आणणाऱ्याची आणि नियम असून तपासणी न करणाऱ्या यंत्रणेची आहे. शेतकऱ्याला आधी साधन आणि माहिती द्या, मग जाब विचारा.

मागण्या १, ३(ङ) आणि ६ यांना नवा कायदा लागत नाही. त्या येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी अमलात याव्यात. मागणी २चा शासन निर्णय आगामी अधिवेशनापूर्वी निघावा. उरलेल्या मागण्यांसाठी कृषी, आरोग्य, ऊर्जा, कामगार व परिवहन विभागांची संयुक्त बैठक ३० दिवसांत बोलवावी आणि तीत शेतमजूर स्त्रियांच्या प्रतिनिधींना बसवावे. प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर मिळावे. जी मान्य नसेल तिचे कारण द्यावे. पेरणीपर्यंत उत्तर न आल्यास आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरू.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव, महिला आघाडी प्रमुख
व सर्व शेतकरी-शेतमजूर सभासद