पोट पडलं म्हणजे 'काही विशेष नाही'?

कापूस वेचणीच्या दिवसांत मोताळ्यात थकवा, चक्कर अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायांना मी हमखास विचारतो, "ताई, एवढ्यात पोट पडलं होतं का?" पुष्कळदा उत्तर सासूच देते, "हो साहेब, पंधरा दिवस झाले. तिसराच महिना होता, काही विशेष नाही." ताई खाली बघत राहते. चौथ्या दिवसापासून ती वेचणीला जात असते.

हे 'काही विशेष नाही' मला मान्य नाही.

बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो. डिंकाचे लाडू, शेक, आराम. पोट पडलेल्या बाईचंही रक्त गेलेलं असतं, तिचंही मूल गेलेलं असतं. तिच्या वाट्याला येतो तो फक्त प्रश्न, "वजन कशाला उचललंस?" वास्तविक पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. ग्रहण, घरकाम यांचा त्याशी संबंध नाही. दोष तिचा नाही.

गर्भपातानंतर सहा आठवडे भरपगारी रजेचा हक्क 1961 पासून कायद्यात आहे. पण तो कारखाना, दुकान, कार्यालयातल्या नोकरदार बाईला. रोज वेगळ्या शेतात रोजाने जाणारीने रजा मागायची कुणाकडे? शरीर तर दोघींचं सारखंच.

नोंदीचंही तसंच. 28 आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची नोंद जन्म-मृत्यू नोंदणीत होते. त्याआधी गेलेल्याची होत नाही. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून 24 आठवड्यांआधी गमावलेल्या बाळासाठीही आईवडिलांना मोफत प्रमाणपत्र मिळतं. न्यूझीलंडने 2021 मध्ये अशा वेळी आई आणि वडील दोघांनाही तीन दिवसांची भरपगारी दुःखरजा दिली.

कुणी म्हणेल, कागदाने मूल परत येतं का? नाही येत. पण दुःख खरं होतं, हे कुणीतरी मान्य करतं. बायांवर पाळत बसेल, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून असा दाखला फक्त मागणाऱ्यालाच द्यावा, सक्ती नको.

माझ्या मागण्या तीन : मागेल त्याला दाखला, शेतमजूर बाईला सहा आठवड्यांच्या बुडालेल्या रोजीची भरपाई, आणि नवजात बाळासाठी आशाताई 42 दिवसांत जशा सहा-सात वेळा घरी येतात, तशाच भेटी या बाईलाही.

सरकार करेल तेव्हा करेल. तुम्ही आजपासून एवढं करा. दवाखान्यातून किती आठवड्यांचा गर्भ होता हे लिहिलेला कागद मागून घ्या; नोकरी असेल तर रजेसाठी तो लागतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत इंजेक्शन लागेल का, हे विचारा. ताप, घाण वासाचा स्राव किंवा खूप रक्तस्राव झाला तर लगेच दवाखाना गाठा. आणि घरी तिलाही सव्वा महिना द्या. त्याला कोणत्याही जीआरची गरज नाही.