रेकॉर्डसारखे!

‘अगदी रेकॉर्डसारखे!’ गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा ऐकून घरी परतणाऱ्या मंडळींच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आम्ही ऐकलेली नाही. गाणे दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, मुरकीसुद्धा दुसऱ्याची. आणि ती जितकी हुबेहूब उतरेल तितकी टाळी अधिक! वाचकहो, इंग्रजी रॉक संगीताच्या नादी लागलेली मुले आणि त्यांचे श्रोते या बाबतीत आपल्याहून फारसे निराळे नव्हते, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड निघाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, बेस गिटारवर मार्क सेल्विन ही नावे पुढे त्याच्याशी कायमची जोडली गेली. कॉलेजांचे उत्सव हीच यांची रंगभूमी आणि तेथे फर्माईश परदेशी बँडांच्या गाण्यांची. ती उत्तम वाजवून ही मंडळी सुखाने राहू शकली असती. पण त्यांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ या नावाने ध्वनिमुद्रित करून बाजारात आणली. ओळखीचे गाणे ऐकायला जमलेल्या श्रोत्यांपुढे अनोळखी गाणे म्हणायला छाती लागते. नवे नाट्यपद रंगभूमीवर आणणाऱ्या नटाला विचारा!

१९९३ साली त्यांनी बँडचे नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. इंडस म्हणजे आपली सिंधू. त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली नव्या नावाची ध्वनिफीत आली आणि १९९७ साली बँड मोडला!

पुरस्काराने पाठ थोपटली जाते, पोट भरत नाही. इंग्रजी गाणे ऐकणारा वर्ग मोजक्या शहरांपुरता. दूरदर्शनसंचावरील संगीतवाहिन्या त्या दशकात हिंदी गाण्यांकडे, विशेषतः चित्रपटगीतांकडे वळल्या. ज्या गाण्यापुढे नट नाही, नटी नाही, त्याला आपल्या देशात उभे राहायला ओटासुद्धा मिळत नाही. तरी गंमत पाहा, यांतलीच काही मंडळी २०१० साली पुन्हा एकत्र आली आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा संग्रह घेऊन उभी राहिली. तोवर त्यांच्या पहिल्या श्रोत्यांचे केस पिकू लागले होते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरातही आता घरोघरी एखादी गिटार भिंतीला टेकलेली दिसते. आईबापांची चिंता एकच: ‘सर, यात पुढे काय?’ प्रश्न रास्त आहे. पैशाची शाश्वती यात नाही, हे इंडस क्रीडच्या कथेवरून स्वच्छ दिसते. मुलाची पदवी पुरी होऊ द्या, हे आम्हीही सांगतो. पण दुसरा प्रश्न आपल्याकडेच येतो. संत एकनाथ रंगमंदिरात उद्या याच मुलांनी स्वतःची गाणी मांडली, तर तिकीट काढून आपण जाणार का? की फुकटच्या पासाची वाट पाहणार, आणि तिसऱ्या गाण्याला मागून ओरडणार, ‘अहो, काहीतरी ओळखीचे होऊ द्या’?

मुले नक्कल करतात अशी आपली तक्रार असते. परंतु अस्सल गाण्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर गळा तरी किती दिवस अस्सल राहणार?